गोणपाटाचा बोगदा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, दोन सत्रांमधल्या सुट्टीत, मी ठाण्याच्या एका कारखान्यात उमेदवारी करत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील कळव्याच्या मिठागरावर कामाला. मुख्य डिझायनर साहेबांनी मला कोळशाच्या खाणीतल्या ट्रान्सफॉर्मरची पेटी आखायला दिली होती. खाणीचं छत बुटकं, म्हणून मी पेटीही बुटकी आणि लांब केली.

"खाणीतल्या वळणावरून पेटी गेली, तर परीक्षेनंतर तुला इथेच घेतो," साहेब म्हणाले होते.

खाण आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. म्हणून मागच्या आवारात बांबू रोवून, त्यांवर गोणपाट ताणून, खाणीच्या मापाचा वाकडा बोगदा उभारला. सुतारांनी पेटीचा लाकडी नमुना करून त्याला चाकं लावली.

"मांडव कुणाचा रे?" येणारे-जाणारे विचारत.

"याच्या पेटीचं लग्न आहे," म्हणून सुतार माझ्याकडे बोट दाखवत.

चौघांनी पेटी ढकलली. कुठे घासते का ते पाहायला मी तिच्या बाजूनं आत चाललो होतो. ती वळणावरून सुटली आणि बाहेर टाळ्या पडल्या. सरळ वाटेत मला जागा होती. वळणावर मात्र पेटीचं पोट आत आलं आणि माझी पाठ गोणपाटात रुतली. तिथे दगड असता तर?

"पास!" साहेब म्हणाले.

बोलू की नको, कळेना. शेवटी म्हटलं, "साहेब, पेटी जाते. पण बाजूनं माणूस जात नाही."

"तू गेलास की."

"गोणपाट होतं म्हणून."

त्यांनी पेटी पुन्हा वळणावर उभी करायला लावली आणि स्वतः आत शिरले. साहेब अंगानं चांगले भरलेले. गोणपाटाला बाहेरून मोठा फुगवटा आला, बांबू करकरले.

"साहेब, मांडव पडतोय!" एक सुतार ओरडला.

"अरे, आधी पेटी मागे घ्या!" आतून आवाज आला.

बाहेर येऊन त्यांनी सदरा झटकला. आता रागावणार, असं मला वाटलं.

"दोन आखूड पेट्या कर. पहिल्यापासून."

"सुट्टी संपत आली, साहेब," मी चाचरत म्हटलं.

"मग परीक्षा देऊन ये आणि पूर्ण कर. हे काम दुसऱ्या कुणाला देत नाही मी."

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "झाली का पेटी?"

"नाही. मोडून नव्यानं करायची."

"मंग नोकरी?"

"ती झाली."

त्यांना काही ते पटलं नाही. सकाळी मिठागरावर निघताना त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.