आभाराचं पान

मावशी मासे पायांनी बघायची. छातीभर पाण्यात उभी राहून तळाचा चिखल अंगठ्यानं चाचपायची आणि म्हणायची, "अठी मरळ बसली होती. आता गेली." मी गोंदियाच्या कॉलेजातला नवा प्राध्यापक, हातात वही, गळ्यात कॅमेरा. मला नुसतं पाणी दिसायचं. तिला याची फार गंमत वाटे. "इतकी वर्सं शिकला ना तू? मंग पायाले काऊन नाही शिकवलं?"

इटियाडोहच्या कालव्याकडच्या त्या गावात मी तीन वर्षं तिच्या मागे फिरलो. मावशी मासेमार ढीवरांतली. त्यांचा तलाव, त्यातले मासे, पाणवनस्पती, सारं तिनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही. वहीवर रस्सा सांडला की म्हणायची, "आता चव बी लिही."

एका कोपऱ्याकडे मात्र तिनं बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी उचलली. "तठी पावसाळ्यात मरळ पिल्लं राखते. तठी आमच्यातला कोनी जाळं टाकत नाही. तुले म्हनून सांगून राहिली."

'तुले म्हनून' एवढं सोडून बाकी सगळं मी वहीत उतरवलं.

अहवाल नकाशासकट छापला गेला. एक प्रत पंचायतीत गेली, काही कुठे कुठे गेल्या. दिवाळीनंतर मावशीची प्रत घेऊन मी मोठ्या ऐटीत गावात पोचलो. बाकीच्या बाया पाण्यात होत्या, ती तलावाच्या पाळीवर बसलेली.

"मावशी, आज पाण्यात नाही?"

"मले बंदी हाये, आमच्याच लोकायची. सालभर."

"का?"

"तुह्या पुस्तकानं."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. पावसाळ्यात बाहेरची माणसं जीप घेऊन आली, हातात माझा नकाशा. त्यांनी थेट त्या कोपऱ्यात जाळी टाकली. मरळ गेली, पिल्लंही गेली. जागा कोणी फोडली हे शोधायला गावाला वेळ लागला नाही. पंचायतीतल्या प्रतीत, पहिल्याच पानावर, मी मावशीचं नाव घेऊन आभार मानले होते. केवढ्या कौतुकानं लिहिलं होतं ते पान!

तिनं त्याच दुपारी ढीवरांना गोळा केलं आणि मला म्हणाली, "वाच. सारं वाच."

आभाराच्या पानाशी मी थांबलो. "थांबू नोको," ती म्हणाली. मी वाचलं. मग सगळ्यांसमोर सांगितलं, हिनं विश्वासानं सांगितलं होतं, हिला न विचारता छापलं मी. मावशी बोलली.

"हे बोलनं झालं बाबू. माहं नाव छापलं, तुही चूक बी छाप."

मी हो म्हणालो. गोंदियाला परतलो आणि परीक्षा, पेपर, नवा प्रकल्प यांत पडलो. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. माघात निरोप आला, मावशी तापानं गेली. बंदी अजून उठली नव्हती. जन्म पाण्यात काढलेल्या बाईचे शेवटचे महिने पाळीवर बसून गेले.

इतक्या वर्षांनी छापतो आहे : चूक माझी होती. तिचं नाव मात्र यात कुठेही घातलेलं नाही. तिला विचारायचं राहून गेलं.