एकोणऐंशी कोरे चौकोन

स्योकाऊला अख्खं गाव पाऊसवाली म्हणायचं, आणि पाऊस आला नाही की शिव्याही तिलाच. शाळेच्या कुंपणाशी पाऊस मोजायचं भांडं होतं. आधीचे मास्तर बदलून गेले तेव्हापासून रोज सकाळी नऊला ती जाऊन पाणी मोजायची, तक्त्यात लिहायची. अंगात ताप असला तरी कधी चुकली नाही.

त्या साली ऑक्टोबरात चार सरी आल्या, मका गुडघ्याएवढा झाला आणि उभ्याउभ्या करपला. मार्चच्या पेरणीला घरात दाणा नाही, बियाणंसुद्धा शिजवून खाल्लेलं. दुष्काळी यादीत नाव आलं की सरकार मुगाचं बी देतं. यादी आली, तर शेजारची तिन्ही गावं आत आणि आपलं कालुंगा बाहेर! का, तर म्हणे पाऊस नेहमीसारखा.

"नेहमीसारखा?" स्योकाऊने डोक्याला फडकं बांधलं, मक्याचं वाळकं ताट पिशवीत कोंबलं आणि खच्चून भरलेल्या मटाटू गाडीत उभ्याने लोंबकळत किटुईचं हवामान खात्याचं ऑफिस गाठलं.

तिथे मुत्वा नावाचा साहेब. तिच्या धाकट्या दिराच्या वयाचा. तिने ताट त्याच्या टेबलावर आपटलं.

"मावशी, आम्ही ताटं बघत नाही. तीन महिन्यांचा पाऊस मागच्या तीस वर्षांशी ताडून बघतो. आकडा शून्याच्या आसपास आला की ठीक. उणे दीडच्या खाली गेला की दुष्काळ. तुमचा नुसता उणे पॉइंट दोन."

"मग त्या आकड्याला म्हणावं, ये आमच्याकडे जेवायला. बघते काय वाढायचं ते."

मुत्वाने कपाळ चोळलं आणि तिचेच तक्ते पुढे सरकवले. ब्याण्णव दिवसांचे ब्याण्णव चौकोन. तेरात आकडे, बाकी कोरे.

"हे एकोणऐंशी दिवस मोजलं का नाहीत?"

"मोजलं की! रोज!"

"मग लिहिलं का नाहीत?"

"नव्हतंच भांड्यात, तर काय लिहू?"

"शून्य लिहायचं, मावशी, शून्य! कोरं म्हणजे मोजायला कुणी आलंच नाही. मग कॉम्प्युटर त्या दिवशीचा डोंगरावरचा पाऊस तुमच्या खात्यात भरतो."

"डोंगरावर तर रोज गळतं! तो पाऊस माझ्या भांड्यात?" स्योकाऊ मटकन बाकावर बसली.

आता त्याला काय सांगणार? मोजायला लागल्यावर पहिल्याच कोरड्या दिवशी सासूने, न्दुंगे म्हातारीने, दटावलं होतं. "पाऊस नाही असं आपल्या घरात कुणी तोंडाने म्हणत नाही, आणि तू हाताने लिहिणार? परत येईल का तो?" म्हणून कोरडा दिवस कोरा.

"तुमच्या हाताने भरा आणि खाली सही करा," मुत्वा म्हणाला. "मी भरलं तर माझी नोकरी जाईल."

पेन तिच्या हातात जड झालं. सासूवर चिडली, साहेबावर चिडली, सगळ्यात जास्त स्वतःवर. मग दात ओठ खात लिहायला लागली. शून्य, शून्य, शून्य. शेवटच्या शून्याने कागद फाटला.

आकडा उणे एक पॉइंट आठवर गेला. फेब्रुवारीत मुगाची पोती आली.

"किती लिहिलीस गं?" म्हातारीने विचारलं.

"एकोणऐंशी."

"मेले! आता मार्चचाही गेला म्हणून समज." तोंडाची टकळी संध्याकाळपर्यंत चालू होती, पण मांडीवर सूप होतं आणि किडका दाणा एकेक करून बाहेर पडत होता.

दुसऱ्या दिवशी नऊला भांडं कोरडंच. स्योकाऊने शून्य लिहिलं आणि वर बघून म्हणाली, "राग माझ्यावर काढ. मुगावर काढू नकोस."