सतरंजी मागणारी बाई

"वहिनी, सतरंजी मोकळी आहे का?"

दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, ओले हात पदराला पुसत ती हे विचारायची. सतरंजी काही कुठे नोकरीला जात नव्हती, पण तिची विचारायची रीत ती. आणि मी दर वेळी विचारायची, "आता काय बिघडलं?"

लोक सतरंजी कशाला मागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बारसं असतं, साखरपुडा असतो, सत्यनारायण असतो. हिचं उलटं. घरावर काही कोसळलं की ही सतरंजी मागायला हजर.

कसबा पेठेत आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होतो. ती नगरकडची, ख्रिस्ती. नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर, एक मुलगा शाळेत. मी एकटी, चौथी शिकलेली, गोधड्या शिवून पोट भरणारी. कापडावरचा डाग मला लांबून दिसतो. माणसावरचाही दिसतो असा माझा समज होता.

देश खुला झाला असं जो तो म्हणत होता, त्या दिवसांत तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद झाला. दुसऱ्या दिवशी ही दारात.

"सतरंजी मोकळी आहे का? उद्या उपकारस्तुती आहे."

"म्हणजे काय?"

"आमच्यात चार माणसं घरी बोलावून देवाचे आभार मानतात."

"कशाचे? नवऱ्याची नोकरी गेली त्याचे?"

"गेली त्याचे नाही हो. इतकी वर्षं होती त्याचे. आणि पुढं जे येईल त्याचे."

"पुढं काय येणार आहे?"

"ते कुठं ठाऊक आहे!" म्हणाली आणि हसली.

मला ते हसणं पटलं नाही. उद्या चूल पेटेल की नाही हे ज्या बाईला सांगता येत नाही, ती हसते कशाला? एक तर डोकं फिरलंय, नाही तर कुठून तरी सोय झालीय. डोकं फिरल्यासारखी दिसत नव्हती. म्हणून सतरंजी दिली आणि सोय कसली ते पाहायला दुसऱ्या दिवशी मीही गेले.

उठून जाता यावं म्हणून दाराशीच बसले. त्यांच्या चर्चचे पाळक आले होते, मंडळीतली माणसं आली होती, एकाच्या हातात ढोलकी होती. गाणी मराठीच होती, चाली आपल्या भजनासारख्या. सगळ्यांत मोठा आवाज हिचा. सूर एका गल्लीत, ही दुसऱ्या गल्लीत, पण गात होती मोकळ्या गळ्यानं. नवरा मात्र मान खाली घालून सतरंजीच्या पट्ट्या बघत बसला होता. शेवटी वाटीतून शिरा आणि चहा. घरभर नजर फिरवली. सोयबिय काही दिसली नाही.

सतरंजी धुऊन, घडी घालून परत आली. मी ती खिडकीतल्या उजेडात धरून कोपरान् कोपरा पाहिला. तुपाचा एक थेंब नाही. माझा संशय वाढला. माणूस इतकं स्वच्छ वागतो तेव्हा त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, हा माझा जन्माचा अनुभव.

मी तोंडावरच विचारलं, "मला बाटवायचा विचार असेल तर आत्ताच सांग. उगाच शिऱ्याचा खर्च नको."

ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "वहिनी, तुम्ही आमच्यात आलात तर आमचे पाळक गाव सोडतील!"

तरी नाताळात तिच्याकडून करंज्या आल्या तेव्हा पहिली करंजी मी मोडून आत बघितली. सारण होतं. चांगलं होतं. तेही मला खटकलंच.

वर्ष-दीड वर्ष नवरा घरी बसला. ती पाळणाघरात जायची, लोकांची पोरं सांभाळायची. मग त्याला रखवालदाराचं काम मिळालं. शहराबाहेर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथल्या एका कंपनीच्या गेटवर. लेथवर ज्याचा हात गिऱ्हाईक वाखाणायचं, तो आता गळ्यात पट्टे अडकवलेल्या पोरांना सलाम करणार. हिनं लगेच सतरंजी मागितली.

त्या दिवशी तो आत बसलाच नाही. जिन्यात पायरीवर येऊन बसला. माझी जागा दाराशी, म्हणजे आम्ही दोघं शेजारी. आत हिचं बेसूर गाणं चाललेलं.

"माझी लाज काढायला सभा भरवलीय," तो म्हणाला.

मी दार जरा ओढून घेतलं.

तसा म्हणाला, "वहिनी, हिला दुःख होतच नाही का हो? इतकी वर्षं एका घरात राहतोय, मला कळत नाही. माझा जीव जळतो आणि ही शिरा करते. कधी कधी वाटतं, मी एकटाच आहे या घरात."

"मीही तेच शोधतेय," मी म्हटलं.

"सापडलं तर मला सांगा."

त्या दिवसापासून आम्ही दोघं एका बाजूला झालो. जिन्यात भेट झाली की तो भुवई उडवून विचारायचा, मी मान हलवायची. नाही, अजून नाही.

पुढे मुलगा शिकला आणि तशाच एका काचेच्या इमारतीत कामाला लागला. या वेळी गेटच्या आत. मला वाटलं, आता ही पेठभर पेढे वाटणार, आता खरा आनंद दिसेल आणि मागचा सगळा खोटा होता ते उघडं पडेल. हिनं सतरंजी मागितली. तीच गाणी, तेच पातेलं, तेवढाच शिरा. चमचाभर तूपसुद्धा जास्त नाही. मी वाटी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. नोकरी गेली तेव्हा जेवढा शिरा, मुलाला लागली तेव्हाही तेवढाच. हे कसलं माप म्हणायचं?

आणि मग एका दुपारी तो गेटवरच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

माती देऊन लोक परतले. मी सतरंजी काढून ठेवली. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मी सतरंजी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकली, तिला दिसेल अशी. तरी नाही. आणखी दोन दिवस गेले. मी मनात म्हटलं, पकडली. चांगल्या दिवसांच्या उधारीवर चाललेलं सगळं, ते आज संपलं. सतरंजी काखोटीला मारली आणि तिच्या घरात शिरले.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात कढई, कढईत कोरा रवा, शेगडी बंद. डोळे सुजून लाल.

"वहिनी, संध्याकाळी मंडळीला बोलावलंय," ती म्हणाली. "पण सुरुवात कुठून करू कळत नाही. कढई चढवायला हात उचलत नाही."

"मग नको करूस. कोणी जबरदस्ती केलीय?"

"करायची आहे. त्यांच्यासारखा नवरा मिळाला, त्याचे आभार राहिलेत माझे." आणि ती रडायला लागली. अशी रडली की मला दार लोटून घ्यावं लागलं.

मला गोड बोलता येत नाही. मी विचारलंच, "आता कुठं गेला तुझा आनंद?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "जाईल कुठं? इथंच आहे."

"रडतेस की!"

"मग? रडायला बंदी आहे का, वहिनी? आमचा देवही रडलेला आहे. त्याला त्याची लाज नाही, मला कशाला असेल?"

"नवऱ्यासमोर का नाही रडलीस कधी? त्याला वाटायचं तुला काही होतच नाही."

"ते आधीच खचले होते. मीही बसले असते तर उठवलं कुणी असतं? मोरीत नळ सोडून रडायची मी. सकाळी देवाजवळ बसायची, मग उठता यायचं. रोजचं रोज. साठा कधीच नव्हता माझ्याकडे."

मी शेगडी पेटवली आणि रवा भाजायला घेतला. ती रडत होती, मी भाजत होते.

संध्याकाळी सतरंजी मीच अंथरली. पहिल्या गाण्याला तिचा आवाज फुटेना. दुसऱ्याला अर्धा फुटला. तिसऱ्याला ढोलकीवाला चुकला, तशी ही, जन्माची बेसूर बाई, त्याला म्हणाली, "अहो, ताल सांभाळा!" सगळे हसले. तीही हसली. गालावर पाणी आणि त्यावर ते जुनं हसू. मी जवळून पाहिलं. गोधडीत दोन कापडं इतकी एकजीव शिवलेली मी पाहिली नाहीत. उसवायला जागाच नव्हती.

माझी नजर जिन्याकडे गेली. सापडलं होतं. सांगायला तो नव्हता.

नंतर आमची इमारत बिल्डरकडे गेली. मी शनिवार पेठेत भाचीकडे आले, ती शहराबाहेर मांजरी गावात मुलाच्या फ्लॅटवर. निघताना म्हणाली, "वहिनी, मांजरीला या. सतरंजी घेऊन या."

"तिकडं काही बिघडलं तर येईन."

"बिघडल्याशिवायही या की!"

मांजरी लांब आणि माझे गुडघे वाईट. फोनवर बोलायचो. मी तब्येत विचारायची, ती माझ्या गुडघ्यांचं विचारायची आणि मग शेजारच्या उसाच्या फडाचं सांगायची. निम्मा फड गेला, तिथं इमारत येतेय, उरलेल्यात अजून मोर ओरडतात म्हणून खूश. उसातल्या मोरांवर खूश होणारी बाई आजारी आहे हे मला कळणार कसं?

मग मुलाचा फोन आला. आई गेली. माती झाली. "काकू, रविवारी उपकारस्तुती आहे. आईनं सांगून ठेवलं होतं, काकूंना बोलवायचं." मग जरा अडखळला. "आणि विचारायचं, सतरंजी मोकळी आहे का."

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, गाठोड्याचं तिकीट पडेल." म्हटलं, "फाड, पण हात लावू नकोस."

त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरी कापडं चढवलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. शिरा केटररचा, काजू घातलेला. सून भली आहे. म्हणाली, "काकू, खुर्चीवर बसा ना, सतरंजी बाजूला ठेवते."

"मागितलीय म्हणून आणलीय," मी म्हटलं आणि सगळ्यांच्या पुढे अंथरली. गुडघे दुखतात, तरी खालीच बसले. हळूहळू चार म्हाताऱ्या खुर्च्या सोडून शेजारी येऊन टेकल्या. तिच्या नातीनं मांडीवर वाटी घेतली आणि अर्धा शिरा सतरंजीवर सांडला. सून पुसायला धावली. मी म्हटलं, राहू दे.

तिच्या देवाशी माझी ओळख नाही. करंजी मी अजूनही मोडूनच खाते. सतरंजी घरी आणली, तिला आता धुऊन देणारं कोणी नाही. भाची दोनदा म्हणाली, मशीनमध्ये टाकते. मी टाकू दिली नाही. खिडकीतल्या उजेडात धरली की कोपऱ्यातला तुपाचा डाग स्पष्ट दिसतो.