गालातला घास

“भूक हाका मारून येत न्हाई, भाऊ. ती चालत येते.”

सत्यभामाबाईचं हे ठरलेलं बोलणं. आजारातून उठलेल्या माणसाला तेच, ताटावर रुसलेल्या सुनेला तेच, शेळी बघायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तेच. मला ते कधी पटलं नाही. गोष्टीनं भुकेला हाक मारणं हाच तर माझा गुण. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठच्या चार गावांत माझ्यासारखी गोष्ट सांगणारा दुसरा नाही. हे मी नाही, लोक म्हणतात.

माझी नात रागिणी पाच वर्षांची. आईबाप सकाळीच बाळापूरला दुकानावर जातात, लेकरू माझ्यापाशी. दोन वर्षांची होती तेव्हापासून तिला मी गोष्टींवर जेवू घातलं. एक घास कोल्ह्याचा, एक घास राजाचा. ओट्यावरून उठू दिलं नाही, कारण पळणारं लेकरू गोष्ट ऐकत नाही. अंगणवाडी शंभर पावलांवर, तिथंही खांद्यावर नेलं. ताट संपवलं की पाच रुपयांचा चिप्सचा पुडा. होता होता पुडा आधी आला आणि ताट तसंच राहू लागलं.

दिवाळीनंतर अंगणवाडीत वजन झालं. पावसाळ्याआधी होतं तेवढंच.

“आबा, हिला जेवू घालता का नुसत्या गोष्टी?” अंगणवाडीची ताई म्हणाली. “पुढच्या महिन्यात काटा हलला न्हाई तर दवाखान्यात न्यावं लागंल.”

त्याच आठवड्यात मला औंढ्याला लग्नाला जायचं होतं. रागिणीला शेजारी, सत्यभामाबाईकडं सोडलं. चौदा शेळ्या, पायात लेकाचे जुने बूट, कमरेला भाकरीचं फडकं. तीस वर्षं ती बाई रोज गावातून कालव्यावर चालत जाते, चालत येते.

दिवस मावळता परतलो, तर रागिणी चुलीपुढं बसलेली. पाय धुळीनं भरलेले. “आबा, भाकर.”

मी ताट वाढलं, घसा साफ केला. “एक होता राजा...”

“आबा, थांब ना. जेवू दे.”

अर्धी भाकर खाल्ली तिनं, वरणात चुरून. मला आनंद व्हायला हवा होता. पण छातीत मिरची भाजल्यासारखं झालं. तीन वर्षं मी घसा सुकवला, आणि एका दिवसात त्या बाईनं लेकरू नेलं! काहीतरी खाऊ घालते, नाहीतर कानात काही सांगते.

सकाळी रागिणी पुन्हा तिच्यामागं निघाली. मीही निघालो, लपत, उपाशीपोटी, खिशात पुडा घेऊन. कालव्यावर बाभळीमागं बसलो.

सत्यभामाबाईनं फडकं सोडलं. भाकर, कांदा, ठेचा. लेकराला हाक नाही, आग्रह नाही. पाण्याकडं तोंड करून स्वतःच खाऊ लागली. रागिणी करडांमागं पळत होती. दमली, आली, शेजारी बसली. हात पुढं केला. अर्धी भाकर त्या हातावर आली. दोघी मुकाट चावत राहिल्या.

तेवढ्यात एका शेळीनं माझ्या खिशात तोंड घातलं. पुडा कुरकुरला.

“हरिचंदभाऊ, बाभळीमागं काहून लपून राहिले? या, भाकर खा.”

“काय कानमंत्र देता लेकराला?” मी फणकारलो.

ती हसली, तोंडाला पदर लावून. “मंत्र कशाचा! तुमी गोष्ट सांगता तवा ती घास गालात धरून बसते. मी रोज बघते तुमच्या ओट्याकडं. राजा मरतो का वाचतो हे कळल्याबिगर पोरगं गिळंल कसं? लई चांगली सांगता, भाऊ. त्याचीच तकलीफ हाये.”

माझ्या गोष्टीची इतकी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. आणि कुठली तारीफ मला इतकी झोंबलीही नव्हती.

“चल, घरी,” मी रागिणीला उचलायला हात पसरले. ती दोन पावलं मागं सरली. “आबा, मी चालते.”

पुढच्या वजनाला वीस दिवस उरले होते. मी हात खाली घेतले. “जा,” म्हणालो. “संध्याकाळपर्यंत ये.”

सत्यभामाबाई उठली, काठी टेकली, शेळ्यांना ‘हुर्र’ केलं आणि बांधानं चालू लागली. मागं रागिणी, हातात कांद्याची पाकळी. दोघींतल्या एकीनंही वळून पाहिलं नाही.

कालव्यापर्यंत चालून माझ्या पोटात भूक खवळली होती. हे त्या बाईला मी कधी सांगणार नाही. पुडा शेळीनं नेला होता. बाभळीखाली उभा राहून मी एकटाच बघत राहिलो, रागिणीचा लाल फ्रॉक शेळ्यांच्या धुळीत दिसेनासा होईपर्यंत.