निधीची जागा

विमला परब, वय बावन्न, आरे कॉलनीत तबेल्यांमागे एकोणीस वर्षं बालवाडी चालवतात. त्यांची शिस्त वस्तीला ठाऊक आहे. चौदा मुलं, चौदा जागा. जूनमध्ये ठरलेली जागा मार्चपर्यंत हलत नाही. भिंतींना ओल, त्यामुळे तक्ते टिकत नाहीत. चटईवर मधोमध एकच मोठं पुस्तक, भोवती गोल करून मुलं.

बालवाडी ज्या संस्थेची, तिची चाचणी वर्षातून तीनदा होते. एका मिनिटात मूल किती अक्षरं ओळखतं, ते मोजायचं. मार्चमध्ये पाचपेक्षा कमी आली तर संस्था पहिलीसाठी शिफारस देत नाही. चौदा मुलांतल्या निधीला जुलैत शून्य, नोव्हेंबरात एक. तिचे वडील धाकू तबेल्यात दूध काढतात. या वेळी जमलं नाही तर ती घरी राहून धाकट्याला सांभाळेल, असं त्यांनी मार्चच्या चाचणीच्या आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

चाचणी घ्यायला बोरीवलीहून संस्थेच्या अनुपमा आल्या. टेबलावर निधीसमोर अक्षरांचं कार्ड ठेवून त्यांनी घड्याळ लावलं. शिक्षिकेनं बोलायचं नाही, हा नियम. विमलाताई दाराशी उभ्या राहिल्या.

निधी कार्डाकडे बघत राहिली. वीस सेकंद. तीस. मग उठली, टेबलाला वळसा घालून अनुपमांच्या खुर्चीशेजारी गेली आणि तिथून, कार्ड उलटं दिसत असताना, वाचू लागली. म, ग, र, ब. सात अक्षरं झाली आणि मिनिट संपलं.

"जागा सोडली, म्हणजे शून्य," अनुपमा म्हणाल्या. "पण उलटं वाचायला कोणी शिकवलं गं तुला?"

निधीनं विमलाताईंकडे पाहिलं.

पुस्तकाच्या सरळ बाजूला विमलाताई स्वतः बसतात. कडेच्या मुलांना मान तिरकी करून जमत होतं. निधीची जागा बरोबर समोर होती, नऊ महिने.

"मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "समोर बसवून."

शिक्षिकेनं चूक लेखी कबूल केली तर फेरचाचणी मिळते, आणि तो कागद तिच्या फाइलला कायमचा लागतो. विमलाताईंच्या फाइलमध्ये असा एकही कागद नव्हता.

"ताई, विचार करा," अनुपमा म्हणाल्या. "कबुली उद्या पाठवलीत तरी चालेल."

विमलाताईंनी त्यांच्याकडेच पेन मागितलं.

पुढचे दोन आठवडे निधी त्यांच्या मांडीला लागून बसली. सुरुवातीला ती पुस्तक उलटं फिरवून घ्यायची. फेरचाचणीत सहा अक्षरं आली. धाकूंनी शिफारसपत्र घडी करून खिशात घातलं आणि शाळा किती वाजता सुटते, एवढंच विचारलं.