शाळेतले दिवे आणि अंधारेसाहेब

शामकांत उपासनींचं आडनाव अंधारे नव्हतं, पण नगर जिल्ह्यातल्या निम्म्या गुरुजींना ते तसंच वाटायचं. बहात्तर सालच्या दुष्काळात पारनेरच्या एका शाळेत हे नाव त्यांना पडलं आणि एस.टी.त बसून गावोगाव पोचलं. "अंधारेसाहेब आले," अशी वर्दी लागली की मुख्याध्यापक आधी कपाटाकडे धावत आणि जास्तीचे बल्ब खडूच्या खोक्यांमागे सरकवत.

झालं होतं असं. पावसाने पाठ फिरवली, धरणं तळाला गेली आणि विजेची ओढाताण सुरू झाली. कारखान्यांना कपात लागली, शेतीच्या पंपांना लागली, आणि मग सरकारी इमारतींनीही हात आखडता घ्यावा असा हुकूम निघाला. उपासनी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात विजेच्या कामाचे ओव्हरसियर होते. ज्या शाळांना वीज होती त्या सगळ्यांचा वापर खाली आणण्याचं काम मोठ्या साहेबांनी त्यांच्या गळ्यात घातलं.

"उपासनी, हे तुमच्याइतकं कुणाच्या अंगात मुरलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि शेजारचे दोघे कारकून गालातल्या गालात हसले.

ते का हसले हे उपासनींना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन उठले की कचेरीतले पंखे बंद करत फिरणारे तेच. फुकट जळणारा दिवा दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. उघडा नळ दिसला तर एखाद्याचा हात आपोआप तोटीकडे जावा, तसा त्यांचा हात बटणाकडे जायचा.

काम त्यांनी मनापासून केलं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेस्टर, पक्कड आणि जुनी वर्तमानपत्रं. शाळेत पोचले की वर्गावर्गातून फिरायचं, दोन बल्ब असतील तिथला एक काढायचा, कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पंख्याची तार सोडवायची. विहिरीवर मोटार असेल तर ती दिवसातून एकदाच चालवायची ताकीद द्यायची. चहा सगळीकडे यायचा, पण चहाबरोबर कुणी बसायचं नाही. शिपाई कपबशी टेबलावर ठेवायचा आणि दाराबाहेर उभा राहायचा, साहेब कधी एकदाचे उठतात याची वाट बघत. दुपारचा डबा ते शाळेच्या आवारात, लिंबाच्या सावलीला एकटेच उघडायचे. पोळी, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. स्वतःच केलेली.

कारण घरी करणारं कुणी उरलं नव्हतं. केडगावात पुणे रस्त्यापासून जरा आत त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. सरोजिनीबाईंशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. बाईंना वाचनाचा नाद. कामं आटोपली की त्या पुस्तक घेऊन बसायच्या, कधी स्वयंपाकघरात पाटावर, कधी पुढच्या खोलीत. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्या भावाकडे धुळ्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत. भांडण झालं असतं तर समजूत काढता आली असती. भांडणच झालं नव्हतं. काय बिघडलं हे उपासनींना कळलं नाही, आणि विचारायला धुळ्याला जायचं धाडस त्यांनी केलं नाही. शेजारपाजारचे सुरुवातीला विचारायचे, पुढे त्यांनीही सोडून दिलं. मग कचेरीतून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत जाईपर्यंत उपासनींच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. रविवारी तर दूधवाल्याला "अर्धा शेर" म्हटलं की दिवसाचं बोलणं संपलं.

तिसगावच्या शाळेत ते दिवाळीनंतर गेले. दगडी भिंती, मंगलोरी कौलं, आणि खिडक्या एवढ्याशा. त्यातून दुष्काळी धान्य ठेवायला जागा नव्हती म्हणून उगवतीकडच्या व्हरांड्यात मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पोती छताला भिडवून रचली होती. वर्गात भर दिवसा दिवे लागलेले. उपासनींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि शिडी मागवली. निम्मे दिवे उतरवले. शेवटच्या खोलीला संध्याकाळीही वीज लागते असं दिसलं, तेव्हा त्या खोलीची तारच सोडवली.

"साहेब, त्या खोलीचं जरा..." मुख्याध्यापक रंगनाथ गुरुजी काही सांगू लागले.

"गुरुजी, संध्याकाळी शाळा भरते का?"

"शाळा नाही, पण..."

"मग झालं तर." उपासनी शिडीवरून उतरले. गुरुजी भिडस्त माणूस. पुढे बोलले नाहीत.

थंडी सरत आली तेव्हा पाथर्डीहून परतताना उपासनींची एस.टी. तिसगावच्या थांब्यावर बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत उतारू झाडाखाली पांगले. उपासनी पिशवी मांडीवर घेऊन एका दगडावर बसले होते. खडी फोडायच्या कामावरून बायकांचा एक घोळका परतत होता. अंगावर पांढरी धूळ, डोक्यावर रिकामी पाटी. त्यातली एक उंच, सावळी बाई थांबली, त्यांच्याकडे निरखून पाहू लागली.

"तुमीच का ते दिवं काढून न्येनारं सायब?"

"हो. का?"

"न्हाई, म्हनलं बघावं तरी मानूस कसा हाय." ती रागावलेली वाटत नव्हती. "मी बनुबाई. गुरुजी आमाला सांच्याला शिकवीत हुतं. त्या कडंच्या खोलीत. सही यायला लागली हुती मला. 'बनुबाई' एवढं लिवायची, उकाराचा मातुर अजून पत्त्या न्हाई."

उपासनी उठून उभे राहिले. "कंदील लावून बसता येईल की," ते म्हणाले.

"रॉकेल कुटं मिळतंय, सायब? आन् दिसा तर कामावर असतो." बनुबाईने डोक्यावरची पाटी काखेत घेतली. "शिकायचं जाऊं द्या हो. पर धनी ममईला गेल्यालं, सासू देवाघरी गेली. शेजारच्या रतनबाईचं बी तसंच. तिथं आमी धा-बारा जनी बसायचो. लिवायचं थोडं, बोलायचं लई. दिवा गेला तवापासून जी ती आपल्या घरात भिताडाकडं तोंड करून बसती."

घोळका पुढे गेला होता. तीही गेली. दुसरी गाडी आली, उपासनी चढले, खिडकीशी बसले. नगर येईपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी ते पुन्हा तिसगावात हजर झाले. रंगनाथ गुरुजी लगबगीने कपाटाकडे धावले. आता उरलेले दिवेही जाणार! पण या खेपेला उपासनींनी पिशवी उघडलीच नाही. ते प्रत्येक वर्गात मुलांच्या मागे जाऊन भिंतीशी उभे राहिले आणि छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, इथे दिवसा वीज जळते ती इमारतीच्या चुकीमुळे. चूक इमारतीची आणि शिक्षा मी त्या बायांना दिली."

नगरला आल्यावर ते थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत न बोलावता त्या खोलीत शिरण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"साहेब, दिवे काढून मुलं अंधारात बसतात. वापर कमी होतो, पण शाळाही होत नाही. त्यापेक्षा छपरात मधूनमधून काचेची कौलं बसवू. भिंतींना आतून चुना मारू. व्हरांड्यातली पोती मावळतीकडे हलवू. दिवसा एकही दिवा लागणार नाही."

"आणि त्यासाठी काय हवंय?"

"कौलं हवीत. आणि जी वीज वाचेल त्यातली संध्याकाळी थोडी वापरायची परवानगी. जिथे प्रौढांचा वर्ग भरतो तिथे."

साहेबांनी चष्मा काढला. "उपासनी, तुम्ही वीज वापरायची परवानगी मागताय?"

"होय."

साहेब मोठ्याने हसले, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. तिसगावची एक शाळा करून दाखवा, मग पुढचं बघू, असं ठरलं.

सुताराबरोबर उपासनी स्वतः छपरावर चढले. कुठलं कौल काढायचं ते आत उभ्या असलेल्या गुरुजींना ओरडून विचारायचे, आणि गुरुजी खालून ओरडायचे, "जरा डावीकडे! फळ्यावर येऊ द्या!" पहिलं काचेचं कौल बसलं तेव्हा उन्हाचा एक चौकोन फळ्यावर पडला आणि मुलांनी गिल्ला केला. उपासनी वाकून त्या काचेतून आत पाहत होते. खालून ते कुणाला दिसत नव्हते. खूप दिवसांनी ते हसले, पण ते बघायला सुतारही तिथे नव्हता. तो पुढचं कौल आणायला शिडीवरून उतरला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवटच्या खोलीची तार त्यांनी पुन्हा जोडून दिली. बायांचा वर्ग सुरू झाला तेव्हा ते तिथे नव्हते. राहुरीकडे दुसऱ्या शाळेच्या छपरावर होते. गुरुजी नगरला आले तेव्हा त्यांनी कचेरीत येऊन सांगितलं की पहिल्या दिवशी खोलीत बसायला जागा पुरली नाही. वापर मात्र पूर्वीपेक्षा खालीच राहिला. मोठे साहेब खूश झाले, कौलांची मोठी मागणी गेली, आणि वरून शाबासकी आली ती साहेबांच्या नावावर. उपासनींना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. त्या दिवशी घरी परतल्यावर ही गोष्ट कुणाला तरी सांगावी असं त्यांना फार वाटलं. पिठलं ढवळता ढवळता त्यांनी ती अर्धी मोठ्याने सांगितलीसुद्धा. आपलाच आवाज खोलीत घुमला तेव्हा ते दचकून गप्प झाले.

त्याच आठवड्यात रजा टाकून ते धुळ्याला गेले.

सरोजिनीबाई भावाच्या घराच्या ओट्यावर बालवाडीच्या मुलांसाठी कागदाची फुलं कातरत बसल्या होत्या. त्यांना पाहून उठल्या. केस पुष्कळ पिकले होते.

"तुम्ही? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. थोडं सांगायचं होतं."

वहिनींनी पाणी आणून दिलं आणि त्या आत निघून गेल्या. उपासनी बोलू लागले. काढलेले बल्ब, अंधारेसाहेब हे नाव, बंद पडलेली एस.टी., बनुबाई, कौलं, फळ्यावरचं ऊन. सलग इतकं ते बाईंशी कधी बोलले नव्हते. 'अंधारेसाहेब' ऐकून बाई हसल्या. बनुबाईचं बोलणं सांगितलं तेव्हा मात्र त्यांची कात्री थांबली.

"त्या बाईने तुम्हाला तोंडावर सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला जमलं नाही."

"काय?"

"मी स्वयंपाकघरातून उठून पुढे आले की मागे टक् करून बटण वाजायचं. पुढून मागे गेले की पुढे टक्. पुस्तकात बोट घालून मी उठायचे, परत येईपर्यंत अंधार. वाटायचं, जिथून मी उठते तिथून हा माणूस मला पुसत चाललाय."

उपासनी हातातल्या भांड्याकडे पाहत राहिले. "माझ्या मनात तसं नव्हतं गं."

"माहीत आहे. म्हणून तर भांडता आलं नाही."

ओट्यावर ऊन चढत होतं. उपासनींनी भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "येतेस परत?"

"नाही." आवाजात राग नव्हता. "इथे मुलं वाट बघतात माझी. सकाळी उठले की जायला जागा आहे. ते सोडून पुन्हा त्या दोन खोल्यांत नाही यायचं मला. पण तुम्ही आलात, बरं केलंत. जेवून जा."

त्यांनी वांग्याची भाजी वाढली, आग्रह केला, ताक हवं का विचारलं. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या. "छपरांवर चढायचं वय राहिलं नाही तुमचं. सुताराला चढू द्या," म्हणाल्या. उपासनींनी मान हलवली. इतक्या वर्षांनी त्यांना काय बिघडलं ते कळलं होतं, आणि कळूनही काही दुरुस्त होणार नव्हतं. गाडीत त्यांना वाटलं होतं तसं रडू मात्र आलं नाही. फक्त मालेगावपर्यंत कुणाशी तरी बोलत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. खडीची कामं बंद झाली, वीजही थोडी मोकळी झाली. पण कौलांचं काम चालू राहिलं, कारण शाळाच आता मागू लागल्या होत्या. मुख्याध्यापक बल्ब लपवेनासे झाले. अंधारेसाहेब हे नाव तेवढं राहिलं. नव्या शिक्षकांना तर ते खरंच आडनाव वाटायचं.

थंडीत तिसगावचं एक कौल तडकल्याचं कळलं, म्हणून उपासनी गेले. काम उरकायला दिवस मावळला. निघता निघता शेवटच्या खोलीत दिवा लागलेला दिसला. ते दारात थबकले. बायांनी डोक्यावरचे पदर सावरले. बनुबाईने ओळखलं.

"या की सायब. आत या."

"गाडी आहे माझी."

"गाडीला येळ हाय. घरी कोन वाट बगतंय?"

प्रश्न तिने सहज विचारला होता. "कोणी नाही," उपासनी म्हणाले.

"मग बसा."

त्यांनी चपला काढल्या आणि मागच्या भिंतीशी, सतरंजीच्या कडेला बसले. रंगनाथ गुरुजींनी पुस्तक बनुबाईच्या हातात दिलं. ती अक्षरावर बोट ठेवून अडखळत वाचू लागली, मधेच थांबून शेजारणीला कोपर मारून हसली, पुन्हा वाचू लागली. कुणी उपासनींकडे पाहत नव्हतं. त्यांना तिथे बसून बरं वाटत होतं आणि आपण इथले नाही हेही कळत होतं.

थांब्यावरून हॉर्न ऐकू आला तसे ते उठले. वाचन मोडू नये म्हणून आवाज न करता बाहेर आले. गाडीत मोजकी माणसं होती. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं, त्यांनी नगर सांगितलं. शेजारची जागा रिकामीच होती, तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली. करंजीच्या घाटात गार वारा आत येऊ लागला, तेव्हा त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली आणि मफलर कानांवर घट्ट केला.