गुत्तेदाराची चौथी भिंत

सदर इसम: श्री. सोमेश्वर किसनराव ढगे, वय त्रेचाळीस, मुक्काम शिरड शहापूर. व्यवसाय: गृह-देखभाल सेवा, रंगकामासह. कार्यक्षेत्र: संपूर्ण हिंगोली जिल्हा. तांत्रिक प्रमुख: स्वतः. मनुष्यबळ: गरजेनुसार.

हा मजकूर सोमेश्वरने स्वतःच सांगून कार्डावर छापून घेतला होता. वीस वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने ब्रश ओढून तो महिन्यापूर्वीच स्वतः कामे घेणारा गुत्तेदार झाला होता. संपूर्ण जिल्ह्यातून आजवर काम आले ते एकच, हट्टा गावच्या रुख्मिणीबाईंची बैठकीची खोली. गरजेनुसारचे मनुष्यबळ म्हणजे बायको आशाबाई. शुक्रवारी त्या बैठकीत बाईंच्या मुलाचा साखरपुडा होता. रंग पसंत पडला तर रुख्मिणीबाई दोन्ही दिरांची घरेही रंगवायला देणार होत्या. नाही पडला तर सोमेश्वर सोमवारपासून पुन्हा रोजाने.

रुख्मिणीबाईंनी रंगाच्या कंपनीच्या शेड कार्डाकडे बघितलेही नाही. सुनेसाठी घेतलेला पोपटी शालू पुढे टाकला. "ह्या पदराचा रंग पायजे. बराबर हाच."

"कंपनीला जमणार न्हाई, पण आपली नजर म्हंजे कॉम्प्युटर हाय," सोमेश्वर म्हणाला.

"अवो, चारी भिंतींचा रंग एकदमच कालवा," आशाबाई म्हणाली. "पिठल्यात मागून पाणी घातलं की चव जाती."

"पिठलं अन् पेंट एकच हाय का? लागंल तसा कालवू. वाया काहून घालवायचा?"

पांढऱ्या रंगात पिवळी ट्यूब पडली, हिरवी पडली, आणि खरोखरच बादलीत पदर उतरला. तीन भिंतींना दोन-दोन हात बसले. चौथीला बादली संपली.

गुरुवारी सकाळपासून कॉम्प्युटर चार वेळा चालला. आधी शेवाळ निघाले, मग कैरी, मग काविळीचे डोळे. चौथ्या खेपेला जे निघाले त्याला सोमेश्वरकडे शब्द नव्हता. तेच त्याने भिंतीला लावले, कारण पांढरा डबाही संपला होता.

रुख्मिणीबाई दारात येऊन थबकल्या. "हे काय करून राहिले, पेंटर?"

"आजकाल शहरात एक भिंत येगळीच ठेवतेत, बाई. फॅशन हाय."

"कोणत्या शहरात?"

सोमेश्वरने नांदेड म्हणायला तोंड उघडले, आणि बाईंची लेक नांदेडलाच दिली आहे हे आठवून मिटले. मग म्हणाला, "रंग संपला, बाई. अन् परत जमला न्हाई. वीस वर्षं मी ब्रश मारला, कालवायचे ते मालक. पयल्यांदा जमला तो मटका लागला."

रुख्मिणीबाई भिंतीपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "त्या भिंतीवर उद्या डेकोरेशनवाल्याचा पडदा येणार हाय, म्हणून वाचलात." मग आशाबाईकडे वळल्या. "तुमी ह्यांना काय सांगितलं व्हतं, ते ऐकलं मी. दिरांची घरं घ्या. पण कालवणार तुमी."

"मला कुठं येतंय, बाई?"

"ह्यांना तरी कुठं येतंय?"

पहिल्या दिराच्या घरी रंग आशाबाईने कालवला. सोमेश्वरने पाणी आणून दिले.